तीन पंढऱ्या आणि घुंगरांचे गुरू

महाराष्ट्रात पंढऱ्या तीन. पहिली भीमेकाठची, ती सगळ्यांना ठाऊक. दुसरी बीडजवळ बालाघाटाच्या डोंगरात: नारायणगड, नगद नारायण महाराजांचं ठिकाण, मराठवाड्याची ‘धाकटी पंढरी’. तिसरी पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, म्हणून ती ‘तमाशा पंढरी’. गड आणि गाव यांच्या नावांत लोकांचा घोळ होतो, तो इथंच मिटवलेला बरा.

तिन्ही पंढऱ्यांत पाय नाचतात. एका ठिकाणी टाळावर, एका ठिकाणी घुंगरांवर, आणि मूळ पंढरपुरात तर दोन्हींवर. ते कसं, ते पुढं येईलच. नाचणारीचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापतात. तिला पहिली गिरकी कुणी दाखवली, मान कधी वळवायची हे कुणी सांगितलं, ते नाव कुठंच छापत नाहीत. दूर इजिप्तमध्ये कैरोच्या बेली डान्सरचं तेच, वाईच्या लावणीवालीचंही तेच. हा लेख त्या न छापलेल्या नावांसाठी.

गडावरची शिकवणी, फी शून्य

आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते नारायणगडावर येतात. गडाची पालखीही पंढरपूरच्या वाटेला लागते. दिंडीत जी पावली चालते ती कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पोर बापाच्या किंवा चुलत्याच्या मागं उभं राहतं, टाळ हातात घेतं आणि पुढच्याची टाच बघत पाय टाकतं. दोन पावलं पुढं, दोन मागं, मग झोका, मग उडी. मधोमध विणेकरी. त्याची मान हलली की चाल बदलते. मृदंगवाला वेग वाढवतो तेव्हा नवखं पोर गडबडतं, शेजारचा म्हातारा कोपरानं ढोसतो, आणि पुढच्या अभंगाला पाय आपोआप जागेवर पडतो. नाच शिकवण्याची ही महाराष्ट्रातली सर्वांत मोठी शाळा आहे असं मी ठामपणे म्हणेन. हजेरीपट नाही, परीक्षा नाही, तरी हजारो लोक एका तालात नाचतात.

या गडाला गुरू-शिष्याची गोष्ट नवी नाही. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे आबाजी सानप इथं आले, माणिकबाबांचे शिष्य झाले, पुढं आळंदीला शिकले आणि भगवानबाबा म्हणून ओळखले गेले. पाथर्डी तालुक्यातला भगवानगड त्यांचा. म्हणजे एका गडाच्या गादीनं दुसरा गड घडवला.

आणि तालाचं म्हणाल तर बीड जिल्ह्याला पखवाजाचं वरदान आहे. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. वारकरी पखवाज त्यांनी शास्त्रीय मैफलीपर्यंत नेला, पद्मश्री मिळवली, आणि मुलगा उद्धवबापूंच्या हातात तो वारसा ठेवला. गावच्या भजनातला ठेका मोठ्या रंगमंचावर जाऊन बसतो तो असा.

कीर्तन ते लावणी, एकच उंबरा

सोलापूरचे राम जोशी, जन्म १७६२ च्या सुमाराचा, घराणं वेदशास्त्राचं. त्यांना नाद लागला तो धोंडी शाहिराच्या फडाचा. घरच्यांनी बाहेर काढलं, पण शाहिराच्या पायाशी बसून ते लावणी शिकले आणि पेशवाईतले अव्वल लावणीकार झाले. पुढं मोरोपंतांच्या सहवासात त्यांनी कीर्तनाची वाट धरली. एकाच माणसाला एका गुरूनं फडात आणलं आणि दुसऱ्यानं कीर्तनाकडं वळवलं. १९४७ साली त्यांच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला आणि त्यातल्या हंसा वाडकरांनी पुढच्या कितीतरी नायिकांना पडद्यावरची लावणी कशी उभी करायची ते दाखवून दिलं.

घराणं नाही, गाव आहे

कथकला लखनौ घराणं, जयपूर घराणं. लावणीला? वाईकर, पंढरपूरकर, सातारकर, संगमनेरकर, नारायणगावकर, पुणेकर. कलावंतिणीच्या नावापुढं बापाचं वा नवऱ्याचं आडनाव सहसा नसतं, गाव असतं. जाणकार तेवढ्यावरून अंदाज बांधतात की हिच्या गाण्यात जोर असेल की अदाकारीत.

आई, पहिली तालीम

यमुनाबाई वाईकर. जन्म ३१ डिसेंबर १९१५, सातारा जिल्ह्यातला, कोल्हाटी समाजातला. घरात इतकी गरिबी की लहानगी यमुना आईबरोबर रस्त्यावर गायची-नाचायची आणि लोक देतील त्यावर चूल पेटायची. आई हीच गुरू, रस्ता हीच तालीम. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास ती एका फडात दाखल झाली. तो फड फार टिकला नाही, मग वडिलांनी पुढचं शिकवलं आणि घरच्याच माणसांना घेऊन पार्टी उभी राहिली. तिथून मुंबई.

रस्त्यावर शिकलेल्या नाचाचा एक गुण असतो, आणि तो नाट्यगृहात शिकून येत नाही. चालता माणूस थांबवायचा असतो. त्यासाठी पहिल्या दोन ओळींतच डोळ्यानं पकड घ्यावी लागते. यमुनाबाईंची बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली ते हेच सांगतात: बाई जागची उठत नसे, पण समोरचा हलू शकत नसे. बैठकीच्या लावणीत पायांना सुट्टी आणि चेहऱ्याला दुप्पट काम. तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिचा अर्थ निराळा करून दाखवायचा. एकदा राग, एकदा लाज, एकदा टोमणा, एकदा नुसतीच वाट पाहणं.

दिल्लीत कथकसम्राट बिरजू महाराजांबरोबर त्यांची जुगलबंदी झाली. एका बाजूला लखनौ घराण्याच्या पिढ्यांचा वारसा, दुसऱ्या बाजूला आईनं रस्त्यावर दिलेली तालीम, आणि दोघं शेजारी शेजारी भाव करतायत. मला हा प्रसंग मराठी नृत्याच्या इतिहासातला फार मोठा वाटतो. शाळेतल्या पुस्तकात तो का नाही, याचं वाईट वाटतं. १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, आणि २०१८ च्या मे महिन्यात, वयाच्या १०२ व्या वर्षी, निरोप.

चाळ बांधली, त्यानंतर

नाचणाऱ्या घरात मुलगी चाळ बांधते तो विधीच असतो. घुंगरांची ती चाळ कित्येक किलोंची, पिंडरीवर चढवली की पहिले काही महिने पाय सुजतात. देवापुढं ठेवून, कपाळाला लावून ती घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातून बांधतात. पण त्या दिवशी मुलीचा संसाराचा रस्ताही बहुधा बंद होत असे. या बाजूबद्दल न बोलता घुंगरांचं कौतुक करणं मला जमत नाही. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात तमाशात नाचणाऱ्या आईची आणि स्वतःची गोष्ट १९९४ साली लिहिली. पुढं ते डॉक्टर झाले. बापाच्या जागी त्यांनी आईचं नाव लावलं. नाचाच्या घरात गुरू, कमावती आणि पालक ही तिन्ही कामं एकाच बाईच्या वाट्याला कशी येतात, हे त्या पुस्तकाइतकं नेमकं कुठंच सापडत नाही.

खरा मास्तर मागं बसतो

प्रेक्षक नाचणारीकडं बघतात. नाचणारी मात्र कान मागं लावून असते, ढोलकीवाल्याकडं. ढोलकीला दोन तोंडं: एका बाजूला शाई, दुसऱ्या बाजूला धूम. शाई बोलते तेव्हा पाय बोलतात, धूम घुमली की कंबर आणि खांदा. नव्या मुलीची तालीम सुरू असते तेव्हा बाई हातवारे दाखवते, पण ‘तोडा कुठं सोडायचा’ हे ढोलकीवालाच शिकवतो. पाय चुकला तर तो ठेका थांबवत नाही. तो तीच जागा पुन्हा वाजवतो. पुन्हा. पुन्हा. मुलीला कळेपर्यंत. तोंडानं एक शब्द न बोलता शिकवणारा असा मास्तर दुसऱ्या कुठल्या कलेत असेल का, मला शंका आहे.

तमाशातल्या दोन जातींतला फरकही वाद्यांवरून कळतो. ढोलकी फडाचा तमाशा म्हणजे ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, मागं उभे राहून ‘जी जी जी’ ओढणारे झिलकरी, आणि मग गण, गवळण, वग. संगीत बारी म्हणजे पेटी, तबला, ढोलकी आणि बैठकीचा रंग. बारीत वाढलेल्या मुलीला रागाची ओळख लहानपणीच होते, कारण पेटीवाला तिला सूर चुकू देत नाही. फडातल्या मुलीला आणखी एक गुरू मिळतो, सोंगाड्या. हजरजबाब त्याच्याकडून येतो. गवळणीत मावशी बोलता बोलता एक तिरकस वाक्य टाकते (ही मावशी बहुतेक वेळा लुगडं नेसलेला पुरुषच), त्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं. वही-पेन्सिल घेऊन ते शिकता येत नाही.

कैरोतही हेच. बेली डान्स, अरबीत रक्स शर्की, त्याची जान म्हणजे तबला. हा आपला तबला नव्हे. एका तोंडाचं, सुरईच्या घाटाचं वाद्य. कार्यक्रमात एक भाग निव्वळ त्या दोघांचा असतो, वाजवणारा आणि नाचणारी. तो ठोका देतो, ती कमरेनं उत्तर देते. आपल्या ढोलकीवाल्याला तिथं नेऊन बसवला तर भाषा न कळताही तो दुसऱ्या मिनिटाला साथ धरेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र संशय नाही.

रुक्मिणीचे पुजारी, लावणीचे वस्ताद

आता मूळ पंढरपूर. रुक्मिणीमातेची पूजाअर्चा पिढ्यान् पिढ्या उत्पात घराण्यांकडं होती. याच उत्पात मंडळींनी एक वेगळीच परंपरा जपली. होळीपासून रंगपंचमीपर्यंत पंढरपुरात उत्पातांची लावणी रंगते. सोवळं नेसून आईची पूजा करणारी माणसं त्या रात्री ढोलकी-तुणतुणं घेऊन बसतात आणि शृंगाराची लावणी मोकळ्या गळ्यानं गातात. बाहेरून येणाऱ्याला धक्का बसतो. पंढरपूरकराला त्यात काही विशेष वाटत नाही.

या घराण्यातले ज्ञानोबा उत्पात म्हणजे लावणीसम्राट. त्यांच्याकडं जुन्या लावण्यांचा साठा, चालींची जाण आणि शिकवण्याची हौस. सत्यभामाबाई पंढरपूरकरांच्या बैठकीच्या लावणीवर त्यांचा हात फिरला. सत्यभामाबाई म्हणजे अदाकारीचा शेवटचा शब्द. एका ओळीवर किती अदा कराव्यात याला त्यांच्यापाशी सीमा नव्हती. पदराचं टोक, भुवईचा कोपरा, पानाचा विडा पुढं करताना थबकलेलं मनगट. एवढ्या ऐवजावर मैफल उभी राहायची.

थोडं थांबून या जोडीकडं बघा. एक देवीचा पुजारी, एक कलावंतीण. गावाच्या उतरंडीत दोघांच्या जागा किती लांब. लावणीच्या बैठकीत मात्र तो शिकवतोय आणि ती त्याच्या शिकवणीत स्वतःचं काही घालून परत देतेय, कारण शब्द आणि चाल देणं एक, त्यात जीव ओतणं दुसरं. लावणी लिहिणारे आणि शिकवणारे बहुतेक पुरुष. तिला अर्थ देणाऱ्या बाया. ज्ञानोबांच्या चालीला सत्यभामाबाईंच्या भुवईची जोड मिळाली नसती तर ती चाल वहीतच राहिली असती.

अशीच दुसरी जोडी थोडी आधीची: पठ्ठे बापूराव आणि पवळा. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. पवळा संगमनेरजवळच्या हिवरगावची. जातीपातीचा काळ, ब्राह्मण शाहीर आणि महार समाजातली नर्तकी एका फडात, आणि लोक तिकीट काढून गर्दी करतात. त्याआधी तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. पवळेनं फडावर पाय ठेवला आणि तमाशाचा चेहराच बदलला. तिला बाईचा नाच शिकवायला फडात दुसरी बाई नव्हतीच, हे लक्षात घेतलं की तिची मजल कळते.

कैरोची बदिया

मुंबईला हनुमान थिएटर, पुण्याला आर्यभूषण, तसं कैरोला कॅसिनो बदिया. १९२६ साली बदिया मसाबनी या बाईनं तिथं स्वतःचं नाट्यगृह काढलं. ती मूळची सिरिया-लेबनॉनकडची, स्वतः गाणारी-नाचणारी. तोवर बेली डान्स लग्नघरात, गल्लीत, कॉफीच्या अड्ड्यावर व्हायचा, जागा चटईएवढी. बदियानं त्याला मोठा रंगमंच दिला. रंगमंच मोठा झाला तसा नाचही पसरला: हात वर गेले, पाऊल जागा सोडून फिरू लागलं, परदेशी नृत्यदिग्दर्शक आले, मागं मोठा वाद्यवृंद बसला. ताहिया कारियोका आणि सामिया गमाल तिच्याच तालमीतून निघाल्या आणि इजिप्तच्या सिनेमाच्या राण्या झाल्या. कारियोका हे आडनाव तर एका ब्राझिली नाचावरून चिकटलं. त्या नाचावर ताहियानं असा काही कार्यक्रम बसवला की लोक तिला त्याच नावानं हाक मारू लागले.

गंमत बघा, एकाच गुरूच्या दोन शिष्या आणि दोघींची चाल निराळी. ताहिया जमिनीला धरून, थोड्या जागेत, भारदस्त. सामिया वाऱ्यासारखी, ओढणी हवेत सोडून रंगमंचभर. चांगल्या गुरूची हीच खूण मी मानते. शिष्याचा नाच बघून गुरू ओळखू यावा, पण शिष्य गुरूची नक्कल वाटू नये.

इजिप्तच्या लोकनृत्याला रंगमंचावर आणणारे महमूद रेदा आधी जिम्नॅस्ट होते, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरलेले! १९५९ साली त्यांनी रेदा पथक काढलं. गावागावांत फिरून लोकांच्या चाली टिपल्या आणि त्यांना शिस्तीत बसवलं. पुढच्या पिढीतल्या बेली डान्सच्या अनेक गुरू या पथकातल्याच. रकिया हसन त्यातलीच एक. तिच्या कैरोच्या महोत्सवाला जगभरातून मुली शिकायला जातात.

मुंबईचा धावता मुक्काम

बेली डान्सची छाप मुंबईच्या सिनेमावरही पडली. ‘शोले’तलं ‘मेहबूबा’ गाणं आठवतं? १९७५. हेलनची कंबर, पी. एल. राज यांचं नृत्यदिग्दर्शन. ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेल्या हेलनला सिनेमाच्या घोळक्यात नाचायला पहिल्यांदा घेऊन गेली ती कुक्कू, त्या काळची आघाडीची नर्तकी. आपल्यानंतर जी आपली जागा घेणार तिला हाताला धरून आत आणायला मोठं मन लागतं.

व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त, १९५५ साली, नायक गोपीकृष्ण हेच नृत्यदिग्दर्शक आणि नायिका संध्या यांचे शिक्षकही. नाचाचं औपचारिक शिक्षण नसलेल्या संध्यांनी त्यांच्या हाताखाली घाम गाळला. पुढं १९७२ च्या ‘पिंजरा’त त्यांनी तमाशातली बाई उभी केली तेव्हा तो घाम कामी आला.

नवरा म्हणाला, शब्द असा फेक

लावणी पायात नाचायच्या आधी गळ्यात नाचावी लागते. सुलोचना चव्हाण गिरगावच्या, शास्त्रोक्त तालीम नाही. लावणी कशी गायची हे त्यांना शिकवलं नवऱ्यानं, शामराव चव्हाणांनी. कुठं शब्द झटकायचा, कुठं लांबवायचा, कुठल्या अक्षरावर ठसका द्यायचा, हे सगळं घरच्या तालमीत. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. स्टेजवर त्या डोक्यावरून, खांद्यावरून पदर घेऊन उभ्या राहायच्या, हातवारे नाहीत, नखरा नाही. सगळा नखरा आवाजात. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांच्या आवाजावर किती मुली आरशापुढं नाचायला शिकल्या असतील, त्या अर्थानं त्याही गुरूच.

विठाबाईंच्या घरात

तमाशा पंढरीची राणी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, आणि तोही पंढरपुरात. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू’ या नावानं गाजवला. गण, गवळण, भेदिक, लावणी हे सगळं विठाबाईंच्या कानावर पाळण्यापासून. शाळेत मन रमलं नाही, फडात मात्र रमलं. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा हलाखी होतीच.

त्यांची मुलगी मंगला बनसोडे. आईच्या फडात उभी राहिली, मग स्वतःचा फड काढला, आता तिचा मुलगाही तिच्याबरोबर रंगमंचावर. भाऊ-बापूंपासून मोजलं तर चार पिढ्या. नाटक कंपन्या बुडाल्या, एकपडदा चित्रपटगृहं बंद पडली, हा फड गावोगाव फिरतोच आहे. राज्य सरकारचा विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार लोककलावंतांना दिला जातो. तो कांताबाई सातारकरांनाही मिळाला. कांताबाई तर बघून बघून शिकलेल्या. लावणी त्यांनी गाजवलीच, पण वगात शिवाजी महाराजांची भूमिकाही उभी केली आणि गावकऱ्यांनी त्या बाईपुढं हात जोडले.

पोऱ्या गेला, पोऱ्या आला

पवळेच्या आधी फडात नाचणारा मुलगा. त्याला बाईसारखं चालायला, लाजायला, पदर सावरायला शिकवणारा वस्तादही पुरुषच. मग बाया आल्या आणि नाच्या बाजूला पडला. त्याच्या वाट्याला चेष्टा आली. ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटानं त्याचंच दुःख सांगितलं, मूळ कादंबरी आनंद यादवांची. त्या चित्रपटातल्या लावण्या बसवल्या फुलवा खामकर यांनी आणि एका पिढीला लावणीची नवी गोडी लागली. आज आशिष पाटीलसारखा तरुण स्वतः लावणी नाचतो, ‘चंद्रमुखी’तली बैठकीची लावणी बसवतो, आणि मुलींना अदाकारी शिकवतो. शंभरावर वर्षांत चक्र पूर्ण फिरलं आणि या वेळी पुरुष चेष्टेचा विषय म्हणून नाही, जाणकार म्हणून उभा आहे. हे मला फार आवडतं.

बालाघाटाची लावणी

लावणीचे प्रकार मोजायला बसलं तर संध्याकाळ होते: चौकाची, छक्कड, सवाल-जवाबाची, जुन्नरी, हौद्याची. त्यातली एक बालेघाटी. विरहाची, दुखऱ्या सुराची. तिचं नातं बालाघाटाच्या मुलखाशी जोडतात, म्हणजे नारायणगड ज्या डोंगररांगेत उभा आहे त्याच मुलखाशी. दुष्काळ, ऊसतोडीला गेलेली माणसं, कुलूप लागलेली घरं पाहिलेल्या या भागाच्या नावानं विरहाची लावणी ओळखली जावी, यात मला नवल वाटत नाही. गडावर टाळ-पखवाज, आणि डोंगर उतरून जामखेडकडं गेलं की संगीत बारीची थिएटरं. दोन्हीकडचा श्रोता अनेकदा एकच. एकादशीला इकडं, जत्रेला तिकडं.

आता शिकायचं कुठं?

पूर्वी कलावंतांच्या घराबाहेरच्या मुलीला लावणी शिकायची सोयच नव्हती. १९९० च्या दशकात अकलूजला लावणी स्पर्धा सुरू झाली आणि बारीच्या भिंतीआड राहिलेल्या कलावंतिणी सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकांपुढं आल्या. बायका लावणी बघायला बायकांसोबत येऊ लागल्या, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लावणी आणि तमाशा अभ्यासक्रमात आले. प्रकाश खांडगे, गणेश चंदनशिवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी फडातल्या गुरूंना वर्गात आणलं.

माझ्या मते सर्वांत सुंदर काम झालं ते ‘संगीत बारी’त. भूषण कोरगावकर यांचं पुस्तक २०१४ चं, आणि सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्यावर उभा राहिलेला कार्यक्रम. निवेदन हे दोघं करतात, पण मंचाच्या मध्यभागी असतात शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई म्हाळंग्रेकर, लताबाई वाईकर यांच्यासारख्या बारीत वाढलेल्या बाया. कार्यक्रमात त्या फक्त नाचून जात नाहीत, स्वतःविषयी बोलतात.

शकुंतलाबाई आता कार्यशाळाही घेतात. समोर कथक शिकलेल्या, भरतनाट्यम शिकलेल्या, ऑफिसातून थेट आलेल्या, काही बेली डान्सही शिकलेल्या मुली. उभं राहून ठेका धरायला त्या आतुर असतात. बैठकीच्या लावणीत मात्र आधी मांडी घालून बसावं लागतं. पदर कुठून घ्यायचा, हात गुडघ्यावर कसा टेकवायचा, नजर कुणावर टाकायची आणि कुणावरून काढून घ्यायची. एक ओळ, आणि तिच्यावर पहिली अदा. ती जमली की तीच ओळ, दुसरी अदा.